अस्तर

डॉक्टर तडवीबाईंनी कागदावर माझा अर्धाच चेहरा काढला,
कानापाशी पेन टेकवलं, म्हणाल्या, तीन पद्धती आहेत.
मी कागद उलटा करून पाहिला.
सवय. शिलाई कशी आहे ते उलट्या बाजूनंच कळतं.

पहिली दोऱ्यांची.
कातडीखालून बारीक दातेरी दोरे ओवायचे, ओढायचे,
सकाळी जळगाव, संध्याकाळी फैजपूरला परत.
टिकेल वर्ष, दीड वर्ष.
म्हणजे कच्ची टीप, मी म्हणाले.
हळदीच्या आदल्या रात्री धावत आलेल्या बाईला
मी घालून देते तशी,
आणि बजावते, पंगतीत वाकताना जपून.

दुसरीत कानापुढे छोटा छेद,
वरचं थोडं कापायचं, आतलं थोडं आवळायचं.
जबड्याला बरी. मानेला फारशी नाही.

तिसरीत नुसती कातडी ओढतच नाहीत.
तिच्याखाली एक थर असतो, स्नायूंना धरून बसलेला,
तो सोडवायचा, वर न्यायचा, तिथे टाचायचा;
कातडी त्याच्या मागोमाग येते, ताण न घेता.

अस्तर, मी म्हणाले.
बाईंचं पेन थांबलं.
चौतीस वर्षं ब्लाऊज शिवते.
अस्तर ढळलं की वरचं कापड कितीही ओढा,
चुण्या पडतात, बगलेत तोंड वासतं,
आणि बघणाऱ्याला कळतंच, ओढलंय.

त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या,
त्याच थराखालून चेहऱ्याची नस जाते.
क्वचित दुखावते. मग ओठ काही महिने वाकडा.
फार क्वचित, कायमचा.

कापडात नस नसते.
तिथे माझं शहाणपण संपलं.

मुलानं फोनवर फक्त खर्च विचारला.
अमळनेरच्या जाऊबाईंनी तेवढंही नाही:
आते नवरी व्हनं शे का तुले, माय?
मी म्हटलं, पोस्टातली आरडी सुटतेय,
आणि पुढे शेवग्याच्या शेंगांवर बोलले.

खरं कारण झोपेंच्या नातीला विचारा.
वैशाखात फ्रॉकचं माप द्यायला आली,
टेप कमरेला लावताच आईला चिकटली,
ही आजी आपल्यावर का रागावलीये?
मी रागावले नव्हते.
मी तिच्या झालरीचा विचार करत होते.
नंतर दुकानातल्या तीन पाखांच्या आरशात
पहिल्यांदा गिऱ्हाईक नसताना उभी राहिले.
तिन्हीकडून एकच बाई, ओठांचे कोपरे खाली,
कुणाचं तरी देणं बाकी असल्यासारखी.

जुना फोटो आणा म्हणाल्या होत्या. एकच सापडला,
सावद्याच्या लग्नात कुणीतरी टिपलेला.
सगळ्या नटून उभ्या, आणि मी गुडघ्यावर,
नवरीचा पदर बसवताना,
तोंडात पाच टाचण्या.

बाईंनी भिंगातून पाहिलं, मग माझ्याकडे.
ओठांवरच्या ह्या उभ्या रेषा
तिन्हींपैकी कशानंच जाणार नाहीत, त्याला वेगळं काही करावं लागेल.
टाचण्यांच्या आहेत, मी म्हणाले.
त्यांचं राहू द्या.

परतीच्या बसमध्ये, तापीच्या पुलावर,
खिडकीच्या काचेत करून पाहिलं.
दोन बोटांनी कानापाशी ओढलं, तर कुणीतरी परकी,
वाऱ्यात सापडलेली.
तळवा गालाखाली नीट रोवून उचलला,
तर मीच. दुपारची झोप झालेली मी.
शेजारच्या केळीवाल्यानं विचारलं, दाढ दुखतेय का?
हो म्हटलं.

रात्री मापांच्या वहीत नवं पान काढलं.
नाव: सुलभा नेहेते.
काम: अस्तरासकट.
तारीख: लगीनसराई आटोपल्यावर,
त्याआधी तेरा ब्लाऊज आणि एक घागरा द्यायचाय.
तारखेखाली पेन्सिलीनं, खोडता येईल असं:
नशीचं पुन्हा एकदा विचारायचं.